आडोशाला बसलेलं

१

सकाळचा चहा झाला की हिरा डोक्याला जुनी ओढणी घट्ट बांधायची, नाकातोंडावर फडकं घ्यायची आणि मागच्या दाराने शेडमध्ये शिरायची. वलवण धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर, आणि घराला चिकटून पत्र्याची शेड. स्वयंपाकघर आणि शेड यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, नुसता पत्रा होता. तिकडे पाना पडला की इकडे मांडणीतली ताटं वाजायची.

शेडमध्ये मोटरसायकलींच्या फेअरिंगचं काम चालायचं. फेअरिंग म्हणजे गाडीच्या तोंडावर बसवायचं फायबरचं कवच. मधोमध दिव्यासाठी भोक, वर वाकवलेली पारदर्शक काच. लांबच्या प्रवासात वारा छातीवर येऊ नये म्हणून तिच्या आडोशाला वाकून बसायचं. पुण्या-मुंबईची हौशी माणसं नव्याकोऱ्या टूरिंग गाड्या घेऊन यायची, पण गाडीच्या तोंडावर त्यांना हवी असायची चाळीस वर्षांपूर्वीची, कुठल्या तरी भंगारातून नाहीतर माळ्यावरून शोधून काढलेली जुनी फेअरिंग. जुनी वस्तू नव्या गाडीवर सरळ कधी बसत नाही. ती कापावी लागते, जोडावी लागते, तडे भरून, पुट्टी मारून घासावी लागते. मग लोखंडी पट्ट्या वाकवून तिच्यासाठी नवे ब्रॅकेट करायचे. पट्ट्यांचं काम कैलासचं. बाकी सगळं हिराचं. लग्नाआधी ती तळेगावला फायबरचे टब करणाऱ्या कारखान्यात होती, तिथं तिचा हात बसला होता.

पाटीवर नाव मात्र कैलासचं. तयार गाडीवरून हात फिरवत गिऱ्हाईक म्हणायचं, "कैलासभाऊ, काय हात आहे तुमचा!" कैलास मान हलवायचा. तेव्हा हिरा चहाचे कप घेऊन शेजारी उभी असायची. तिच्या नखांत पुट्टी भरलेली असायची, पण चहा घेणारा नखांकडे कशाला बघतो?

कैलास वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. तो बोलायचा नाही, एवढंच. गिऱ्हाइकाशी कामापुरतं, आणि हिराशी कामापुरतंही नाही. लेक प्रेरणा नर्सिंगला पुण्याच्या होस्टेलवर गेली आणि घर पार मुकं झालं. हिरा आधी भांडून बघायची, मग रडून बघायची, पुढे तिनं दोन्ही सोडलं. बोलायचं असेल ते ती पॉलिश पेपरखाली घासून टाकायची.

दिवाळी झाल्यावर तुंगार्लीचा श्रीयश आला. तिशी ओलांडलेला, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा. आईबरोबर तळ्याजवळच्या बंगल्यात राहायचा. मोठी काळी टूरिंग गाडी दसऱ्यालाच घेतलेली, आणि मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेली फेअरिंग.

"बाबांची आहे," तो म्हणाला. "साफसफाईत माळ्यावर सापडली. बसेल का?"

कैलासनं चादर सोडली. फिकट बदामी रंग, काच पिवळी पडलेली, पण तडा एकही नाही.

"बसवू," कैलास म्हणाला.

श्रीयश मात्र हिराकडे वळला होता. "हे घासकाम तुम्हीच करता ना? फडक्यानं काय होणार, ताई. ही पावडर फुप्फुसात जाते." दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी खास मास्क घेऊन आला. कानाला न लागणारा, पुढे डबी असलेला. इतक्या वर्षांत इतकी गिऱ्हाइकं आली, पण कुणाला हे सुचलं नव्हतं. हिरानं मास्क घेतला आणि ती आत जाऊन पाणी प्यायली.

२

फेअरिंग बसवायला घेतली त्या दिवशी कैलासनं पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, कटर जोडला होता. जुने ब्रॅकेट फेअरिंगला तसेच होते. निव्वळ अंदाज घ्यायला म्हणून दोघांनी ती उचलून गाडीच्या तोंडाशी धरली.

खट्ट असा आवाज झाला.

कैलासनं हात सोडला. फेअरिंग पडली नाही.

"बसली," तो म्हणाला.

हिरानं वाकून पाहिलं. ब्रॅकेटची भोकं गाडीच्या चौकटीतल्या भोकांवर तंतोतंत आली होती. नट नुसत्या बोटानं फिरत गेले. गाडी या दसऱ्याची. ब्रॅकेट चाळीस वर्षांचे, भोकांच्या कडांना गंज ओघळून वाळलेला. असेल एखादं माप सारखं, असं हिरानं मनाशी म्हटलं. कंपन्या सगळ्या एकमेकींचं बघूनच करतात. तरी तिला बरं वाटलं नाही. काम करावं लागलं नाही म्हणून माणसाला बरं वाटायला हवं, पण तिला कुणीतरी आपल्या आधी हात घातल्यासारखं वाटलं.

जेवणं झाल्यावर ती काच पुसायला गेली. ऊन पत्र्यावर चढलेलं, शेड भट्टीसारखी तापलेली. आणि काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरलेली होती. तळहाताएवढी, गोल.

तिनं पदरानं पुसली. बादलीत फडकं पिळून परत आली तर वाफ पुन्हा तिथंच. ती बघत उभी राहिली. वाफ कडेनं विरत लहान झाली. मग पुन्हा पसरली. पुन्हा लहान झाली.

फायबर जोडायचं रेझिन सुकताना गरम होतं, वाफ सोडतं, हे तिला माहीत होतं. पण आज रेझिनचा डबा उघडलाच नव्हता. रात्रीच्या थंडीचा दमटपणा असेल, तिनं ठरवलं. या उन्हात? बरं, असेल कशाचा तरी. मात्र एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. हँडल धरून बसलेल्या माणसाचा श्वास काचेपर्यंत पोचत नाही. त्याचं तोंड बरंच मागं राहतं. काचेला जवळजवळ नाक लावून कुणी बसलं, तरच अशी वाफ धरेल.

३

कैलास सामान आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेला असताना श्रीयशची आई आली. अरुंधतीबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, सुती साडी, चष्म्याला साखळी. रिक्षा रस्त्यावर थांबवून त्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"तुम्हीच हिरा ना? श्रीयश सांगत होता, काम सगळं तुमचं असतं."

"या ना बाई, बसा."

"बसत नाही." त्यांची नजर आत गाडीकडे जाऊ पाहत होती आणि त्या ती वळवून रस्त्यावर आणत होत्या. "एक काम होतं. त्याला सांगा, ही फेअरिंग त्याच्या गाडीवर बसत नाही."

हिरानं मागं वळून गाडीकडे पाहिलं. "बाई, ती बसलीय."

"कापावी लागली?"

"न्हाई. आपसूक बसली."

अरुंधतीबाईंनी डोळे मिटले. "ह्यांच्या गाडीवरही अशीच बसली होती. कौतुकानं मला दाखवायला बोलावलं होतं."

"सायबांचा आक्सिडेंट झालता का?"

"लोक तसं समजतात. मीही तसंच सांगते." त्यांनी चष्मा सारखा केला. "गाडीला ओरखडा नव्हता, हिरा. पवनेच्या रस्त्याला स्टँडवर नीट उभी होती, हे मात्र कुठंच नव्हते. श्रीयश तेव्हा शाळेत होता. आणि त्याच्या आधी वर्षभर हे इतके आनंदात असायचे! सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन बसायचे, बोलत असायचे. मी गेले की गप्प. मला वाटायचं, मीच त्यांना नकोशी झाले."

"मग टाकून का न्हाई दिली?"

"माळ्यावर टाकली की. मोडायला काढली होती एकदा, हातोडी घेऊन बसले मी. नाही जमलं. का ते विचारू नका." त्यांनी हिराचा पुट्टीनं माखलेला हात हातात घेतला. "तडकली म्हणून सांगा. काहीही सांगा. तुमचं तो ऐकेल."

"बघते, बाई."

"बघते नको. सांगते म्हणा."

"सांगते," हिरा म्हणाली. आणि तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं.

४

पण त्याच सुमाराला कैलास बोलायला लागला.

हिरा भाकऱ्या थापत होती. पत्र्यापलीकडून आवाज आला आणि तिचा हात परातीत थांबला. कैलासचा आवाज. हळू, लांबलचक, मधेच हसणारा. शब्द कळत नव्हते. पण सूर कळत होता, तो तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकला होता, नंतर नाही. आणि तो एकटाच बोलत नव्हता. बोलायचा, थांबायचा, समोरच्याचं ऐकून घ्यावं इतका वेळ थांबायचा आणि मग, "तर काय!" असं म्हणून पुन्हा सुरू.

फोनवर आहे, हिराला वाटलं. मग दुसरंच मनात आलं. बाई ठेवलीय. या वयात, केस पांढरे झाल्यावर. तिला रागापेक्षा अपमान जास्त वाटला. बोलता येत होतं तर याला!

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठली आणि तिची नजर फळीवर गेली. कैलासचा फोन तिथं चार्जिंगला लावलेला होता.

ती मागच्या दारानं शेडमध्ये गेली. कैलास श्रीयशच्या गाडीवर बसला होता. आवाज बंद झाला. तो सीटवर अगदी मागं सरकून बसला होता आणि हात लांब करून हँडल धरलं होतं. पुढं पेट्रोलच्या टाकीपाशी मोकळी जागा होती.

"कुणाशी बोलत व्हता?"

"कोन? मी?"

"मग काय मी?"

"काच बघतोय," कैलास म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून पुसायचं राहिलं होतं. हिराकडे बघता बघता ते गेलं आणि नेहमीचा चेहरा तिथं आला. दुकानाचं शटर खाली ओढावं तसा.

मग रोजचंच झालं. जेवण उरकलं की कैलास शेडमध्ये. श्रीयशचा फोन आला की सांगायचा, काच नवी मागवलीय, रंग जुळत नाही, अजून आठ दिवस लागतील. काच नवी मागवलेली नव्हती. रंगाचा डबा उघडलेला नव्हता. दुसरी एक गाडी कामाला आली, ती तशीच कोपऱ्यात धूळ खात पडली. संध्याकाळी तो ट्रायलच्या नावाखाली गाडी काढायचा आणि भुशीच्या वरच्या वळणांनी फिरून यायचा. आला की अंगावर धूळ नाही, केस विस्कटलेले नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. थंडीतला वारा जणू त्याला शिवलाच नव्हता.

"अवो, त्या पोराची गाडी द्या की त्याला," हिरा म्हणाली.

"तुला काय घाई?"

त्या 'काच बघतोय'नंतर तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

५

एका दुपारी कैलास कुणाच्या तरी मयताला कार्ल्याकडे गेला. हिराला शेड एकटीला मिळाली. फेअरिंग काढून टाकायची, ग्राइंडरनं एक चीर मारायची आणि तडकली म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पाना घेऊन ती गाडीजवळ गेली आणि तिला टाकी दिसली.

कामामुळे तिचे डोळे पृष्ठभागावर आधी जायचे. नव्या गाडीची टाकी, आरशासारखी काळी. पण पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, चमक गेली होती. कापडाच्या सततच्या घर्षणानं जाते तशी. चालवणाऱ्याचे गुडघे तिथं पोचत नाहीत. तिथं घासायला माणूस टाकीवर बसलेला हवा.

हिरानं पाना खाली ठेवला. मग तिनं जे केलं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिनं साडी वर खोचली आणि गाडीवर बसली. कैलास बसायचा तशी, मागं सरकून. हात लांब करून हँडल धरलं.

आवाज बंद झाले. जुन्या हायवेवरचे ट्रक, शेजारच्या कोंबड्या, पत्र्यावर चालणारे कावळे, सगळं दाराबाहेर ठेवल्यासारखं झालं. आडोशात ऊब होती. कापूस भरलेल्या गोधडीत डोकं घातल्यावर असते तशी. काचेवर वाफ आली, विरली, आली. हिराला उठायचं होतं. पण त्याआधीच तिच्या छातीवर हळूच भार आला. कुणी तरी मागं रेलावं, अगदी विश्वासानं रेलावं, तसा. लहानपणी प्रेरणा झोप आली की अशी रेलायची. हा भार लहान मुलाचा नव्हता.

आणि भीती वाटायच्या आधी तिला बोलावंसं वाटलं. घासून टाकलेलं सगळं घशाशी आलं. पाटीवरचं नाव, गिऱ्हाइकांची वाहवा, मुके दिवस, मुक्या रात्री, हे सगळं इथं कुणी तरी ऐकून घेणार होतं. मधे न बोलता, कंटाळा न करता. तिनं तोंड उघडलं. "मला ना," एवढं ती म्हणालीही.

समोरची वाफ थांबली. ऐकण्यासाठी माणूस श्वास धरतो, तशी.

हिरा गाडीवरून पडली. खरंच पडली, कोपर फुटलं. ती रांगत दारापर्यंत आली आणि बाहेरच्या उन्हात बसून राहिली. पाना आतच राहिला. तो आणायला ती पुन्हा गेली नाही.

भास होता, ती स्वतःला समजावत राहिली. उपाशी पोटी रेझिनच्या वासात राहिलं की चक्कर येते, कारखान्यात बायका पडायच्या. सगळं पटत होतं. पण राहून राहून तिला दुसरंच टोचत होतं. कैलास रोज तिथं बसून इतकं बोलत होता. त्याच्याजवळ बोलायला इतकं होतं, आणि त्यातलं एक अक्षर त्याला तिला सांगावंसं वाटलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दूध घेऊन धरणाच्या बाजूनं येत होती. ऊन आडवं आलेलं. समोरून गाडी आली, काळी, बदामी तोंडाची. कैलासचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. गाडी बाजूनं पुढं गेली आणि क्षणभर सूर्य नेमका काचेच्या पलीकडे आला.

कैलासचे हात दोन्हीकडून रुंद फाकले होते, कोपरं बाहेर. हनुवटी वर उचललेली. टाकीवर पोराला बसवून गाडी चालवणारा बाप असाच दिसतो, पोराच्या डोक्यावरून रस्ता बघतो. आणि त्या हातांच्या मधे, आडोशाला, काही तरी वाकून बसलं होतं. हिराला दिसली ती फक्त मान. तिरकी मागून दिसणारी, वाकलेली, मोठ्या माणसाची मान, आणि तिच्यावरची रुळलेली, ओलसर केसांची ओळ. तोंड काचेकडे होतं. कैलास काही तरी म्हणाला, आणि ती मान हलली. होकारार्थी.

गाडी वळणाआड गेली. दुधाची किटली हिराच्या हातातून सुटली नाही, ती ओरडली नाही. तिला एवढंच कळलं, की हे आपल्या घरातून गेलं पाहिजे. कुठंही जाऊ दे, पण जाऊ दे.

सकाळी तिनं कैलासला रंग आणायला पुण्याला पिटाळलं. प्रेरणाला डबाही देऊन या म्हणाली, म्हणून तो गेला. मग तिनं श्रीयशला फोन लावला. "गाडी तयार हाय दादा, आत्ताच्या आत्ता या."

तो तासाभरात आला. तोवर हिरानं ब्रॅकेटचे नट एकेक करून पुन्हा आवळले होते, मान वळवून, काचेकडे न बघता. सैल राहून रस्त्यात निघाली असती तर तिच्याच दारात परत आली असती.

श्रीयश गाडीभोवती फिरला. काचेवरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले. "बाबा मला पुढे बसवायचे," तो म्हणाला. मग हेल्मेट हातात घेऊन थांबला. "आई एकसारखी म्हणतेय, ही लावू नकोस. जुनी आहे, सुटेल. ताई, तुम्ही सांगा. नीट बसलीय ना? तुम्ही नाही म्हणालात तर इथंच काढून ठेवतो."

इथंच. हिराला तो एकच शब्द ऐकू आला.

"लय झाक बसलीय," ती म्हणाली. "बिनघोर न्या."

त्यानं हेल्मेट चढवलं, गाडी चालू केली, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत तो सीटवर मागं सरकला. कुणी न सांगता. त्याची कोपरं हळूहळू बाहेर फाकत गेली, जागा करून देत असल्यासारखी. रस्त्यावर यायला त्याला बैलगाडीसाठी थांबावं लागलं. चांगला वेळ थांबला तो. हिरा फाटकाला धरून उभी होती. एक हाक पुरली असती.

७

कैलास संध्याकाळी आला. मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. हिरानं मनाची तयारी केली होती. तो ओरडेल, मारेल, घर सोडेल.

"गेली?" त्यानं विचारलं.

"व्हय."

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. भाजीत मीठ कमी होतं, ते त्यानं न सांगता वरून घेतलं. दोन दिवस त्याला अन्न नीट गेलं नाही, मग जायला लागलं. कोपऱ्यातल्या गाडीचं काम त्यानं हाती घेतलं. पत्र्यापलीकडून आता फक्त कानशीचा आवाज यायचा. कैलास पहिल्यासारखा झाला. अगदी पहिल्यासारखा. हिरा एकदा म्हणाली, "अवो, कायतरी बोला की माझ्याशी." त्यानं तिच्याकडे पाहिलं, काय बोलायचं असतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, "चहा ठेव."

यासाठी तिनं ते केलं होतं. ती चहा ठेवायची आणि पाणी उकळेपर्यंत शेगडीकडे बघत राहायची.

थंडी सरता सरता एके सकाळी रिक्षा थांबली. अरुंधतीबाई उतरल्या. साडी चुरगळलेली होती, चष्म्याची साखळी एका कानावरून सुटून लोंबत होती. या वेळी त्या थेट शेडमध्ये आल्या.

"श्रीयश नाही," त्या म्हणाल्या.

हिरानं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"आठवडा झाला. गाडी दुधिवऱ्याच्या खिंडीत सापडली. चालू होती म्हणे. पोलीस दरीत माणसं उतरवतायत, मी उतरवू देतेय." त्यांचा आवाज कोरडा होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "शेवटचा महिना इतका आनंदात होता. घरी आला की गॅरेजमध्येच. मी दाराशी उभी राहून ऐकायची. माझ्याशी इतकं गोड तो कधी बोलला नव्हता." त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत होतं ना? मी सांगितलं म्हणून नाही. तुम्ही स्वतः पाहिलं होतंत?"

हिराला न्हाई म्हणायचं होतं. पण तिची नजर गाडी उभी असायची त्या जागेकडे गेली. अरुंधतीबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी मान हलवली, शिवी दिली नाही, रडल्या नाहीत. त्यांनी शिवी दिली असती तर हिरानं पाय तरी धरले असते.

मागच्या बाजूला कानस थांबली होती. कैलास हात पुसत पुढं आला.

"बाई, उभ्या का? बसा की. पाणी घेनार का?"

हिरा झटकन वळली. पत्र्यापलीकडचा तो आवाज, हळू, मऊ, आता तिच्यासमोर, कैलासच्या तोंडातून येत होता. अरुंधतीबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी हा आवाज ओळखला होता. त्यांच्या घरात दोन माणसांच्या तोंडून त्यांनी तो ऐकला होता.

"गाडी कुटं हाय आता?" कैलासनं विचारलं.

"घरी. पोलिसांनी पोर्चमध्ये आणून ठेवलीय."

"आन फेअरिंग? धड हाय ना?"

"धड आहे."

"एकटीच हाय म्हना की," कैलास म्हणाला. त्याला फार वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मी येतो बाई. काढून घेऊन जातो. तुमच्या डोळ्यांसमोर नको."

"अवो, नका," हिरा म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो ओढला नाही, झटकला नाही. त्याला तो जाणवलाच नव्हता. ती अरुंधतीबाईंकडे वळली. "बाई, न्हाई म्हना. तुमची वस्तू हाय. तुमी न्हाई म्हनलात तर न्हाई यायचे ते. बाई, पाया पडते."

अरुंधतीबाई हिराकडे बघत राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. रस्त्यावर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"चला," त्या कैलासला म्हणाल्या. "रिक्षा थांबलीच आहे."

त्या आधी बसल्या आणि पलीकडे सरकून त्यांनी कैलासला जागा करून दिली. तो चढता चढताच काहीबाही बोलायला लागला होता, हसतही होता. रिक्षा तुंगार्लीच्या दिशेनं वळली, तरी त्याचा आवाज हिराला बराच वेळ ऐकू येत राहिला.